डावा अंगठा, उजवी उडी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू बरी आहे म्हणालीस आणि घाईघाईने फोन आईकडे दिलास. आईही तेच म्हणाली, तितक्याच घाईने. तेव्हाच मला संशय आला, म्हणून भावजींना गाठलं. गणिताचे मास्तर, त्यांना खोटं बोलणं जमत नाही. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले तरी तुझा डावा अंगठा लाकडासारखा ताठ आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. फिजिओवाल्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू तू दोन दिवस दाबलास आणि तिसऱ्या दिवशी तो सोफ्याखाली सापडला, हेही कळलं. आणि खरी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. तुमच्या लॅबच्या मालकीणबाईंनी पंधरा एप्रिलची मुदत घातली आहे. तोवर कवळीचा एक पूर्ण संच स्वतःच्या हाताने करून दाखवायचा, नाहीतर पुढच्या टेबलावर बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

म्हणून हे पत्र. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही, हे मला तुझ्या शाळेतल्या निबंधांपासून माहीत आहे.

एकवीस वर्षं तू लोकांचे दात घडवते आहेस. साचा डाव्या हातात धरून फिरवायचा आणि उजव्याने मेण कोरायचं. डावा अंगठाच फिरला नाही तर उजव्या हाताने काय करायचं? चिठ्ठ्या चिकटवण्यात कमीपणा नाही, पण तू आठ दिवसांत त्या मालकीणबाईंच्या कपाळावर एक चिकटवशील.

सोबत खोकं पाठवतोय. उघडल्यावर हसू नकोस. आपला टीव्ही गेम आहे. कॅसेटही तीच, लेबल फाटलेली. खरं नाव कधी कळलंच नाही, म्हणून आपण त्याला दिवेवाला म्हणायचो. एवढासा माणूस, हातात पेटती काडी, वीस मजल्यांचा मनोरा आणि वाटेतल्या विहिरी उडी मारून ओलांडत, प्रत्येक मजल्यावरचा दिवा लावत वर जायचं. आठवलं? रिमोट उघडला तर तुझ्या बाजूचं रबर पार झिजलेलं. कामावरच्या एका जुन्या लिफ्टच्या बटणाखालचं रबर कापून बसवलं आहे. डाव्या अंगठ्याने चारही दिशा दाबायच्या, रोज अर्धा तास. चेंडूपेक्षा बरा व्यायाम आहे, आणि हा सोफ्याखाली जात नाही. बाईंना मात्र आधी विचार.

लोभ आहेच. तो नुसता ठेवून गंजतो, मधूनमधून वापरावा.

तुझा,
बेडूक

१३ मार्च

चि. बेडकास,
अ. उ. आ.

खोकं पोचलं. त्रेचाळीस वर्षांच्या बहिणीला टीव्ही गेम पाठवणारा भाऊ कसा दिसतो, हे बघायला शेजारच्या वहिनी मुद्दाम आल्या होत्या. तुझा फोटो दाखवला. त्यांना काही विशेष वाटलं नाही.

फिजिओवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी रिमोट हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि चालेल म्हणाल्या, फक्त दुखलं की थांबायचं. सध्या माझा अंगठा पहिल्या बोटाला कसाबसा टेकतो. तो करंगळीच्या मुळाशी पोचला की साचा धरता येईल, असा त्यांचा हिशेब आहे.

पण बेडका, तू एक गोष्ट विसरलास. मला हा गेम खेळता येत नाही. तुलाही येत नाही.

दुसरा रिमोट बाबांच्या खुर्चीच्या पायाखाली चिरडला, तेव्हापासून आपल्याकडे एकच उरला होता. त्याची डावी बाजू माझी, उजवी तुझी. मी चालवायचं, तू उडी मारायची. गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आणि रिमोट मधे, दोघांच्या दोन अंगठ्यांत. गरज नसताना उड्या मारायचास म्हणून तर तू बेडूक झालास. माझ्या उजव्या अंगठ्याने जन्मात एकही उडी मारलेली नाही. परवा मारायला गेले तर दिवेवाला पहिल्याच विहिरीत पडला. सात वेळा.

मग ह्यांना बसवलं. हे उडी मारण्याआधी अंतर काढतात. दर खेपेला विचारतात, आता का? मी हो म्हणेपर्यंत दिवेवाला खाली. वर मला समजावतात की चूक वेगाच्या अंदाजात आहे. काल मी त्यांना स्वयंपाकघरात पाठवून दिलं.

पंधरा एप्रिलला तेहेतीस दिवस राहिले. रोज सकाळी उठून आधी अंगठा वाकवून बघते. पुढचं लिहीत नाही, तू म्हणतोस तसं कागदावर मला जमत नाही.

लोभ आहे तेवढा पुरेल, चिंता मात्र थोडी कमी पाठवावी.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी लिफ्टच्या छतावर बसून वाचलं. सातव्या मजल्यावर अडकली होती. माझा जोडीदार वर मशीनच्या खोलीत आणि मी खाली अंधारात. आमच्या कामात हे असंच असतं. एकमेकांचं तोंड दिसत नाही. मी हाक दिली की तो वीतभर उचलतो, मी थांब म्हटलं की थांबतो. नव्या पोरांना हे शिकवायला वर्ष लागतं, कारण दुसऱ्याच्या हाताने हलायची सवय कुणाला नसते. मला पहिल्याच दिवशी जमलं. साहेबांनी विचारलं, आधी कुठे काम केलंस? मी म्हणालो, घरी, बहिणीच्या हाताखाली. त्यांना वाटलं तुझी लिफ्टची कंपनी आहे.

भावजींना सांग, तोंडाकडे बघू नका, गुडघ्याकडे बघा. उडी मारायची वेळ झाली की तू गुडघ्याने मला ढोसायचीस. मी त्यावरच मारायचो.

आता निघालंच आहे म्हणून लिहितो. तीस वर्षं बोललो नाही. आपण एकदाच एकोणिसाव्या मजल्यावर पोचलो होतो. खेळ जपून ठेवायची सोय नव्हती, म्हणून पॉज करून, वर टॉवेल झाकून शाळेत गेलो. गेमच्या डब्यावरचा लाल दिवा चालू होता, मी स्वतः बघितला. संध्याकाळी टॉवेल काढला तर पहिला मजला. त्या दिवशी तू पोट दुखतंय म्हणून दुपारीच घरी आली होतीस. मी काही म्हणत नाही. तुला केव्हाच माफ केलं आहे, एवढंच कळावं.

लोभ असू दे. ढोसत राहा.

तुझा,
बेडूक

३० मार्च

चि. बेडकास,
अ. उ. आ.

माफ केलंस? तू? मला? त्या दुपारी मी खरोखर पोट धरून आतल्या खोलीत झोपले होते. टीव्हीजवळ फिरकलेसुद्धा नाही. मी आजवर धरून चालले होते की सकाळी निघताना तुझ्या दप्तराने वायर ओढली, आणि तू लहान म्हणून गप्प बसले. म्हणजे तीस वर्षं आपण दोघंही मोठ्या मनाने वागत होतो. काय म्हणावं!

आणि गुडघ्याचं काय सांगतोस? उडीच्या आधी तुझा खांदा वर जायचा. तो गेला की मी ढोसायचे. तू माझ्या गुडघ्यावर मारत होतास आणि मी तुझ्या खांद्यावर ढोसत होते, तर मग ठरवत कोण होतं?

असो. खरी बातमी वेगळीच आहे. मागच्या गुरुवारी मी एकटीच विहिरीत पडत होते. आई खिडकीपाशी मशीनवर पडद्याची किनार मारत होती, पाठ माझ्याकडे. मान वर न करता म्हणाली, आता मार. मी मारली. दिवेवाला पलीकडे. पुढच्या विहिरीला पुन्हा म्हणाली, पुन्हा पलीकडे. तिसऱ्यांदा मी मुद्दाम तिच्या सांगण्याआधी मारली आणि पडले. तेव्हा ती मशीन थांबवून म्हणाली की गेममधला वारा आवाज करत दोनदा फुंकतो, तिसऱ्यांदा फुंकायच्या आत मारायची, एवढं साधं तुम्हाला अजून कळत नाही का.

बेडका, आपण खेळायचो तेव्हा ती पाठ करून लोकांचे कपडे शिवत असायची. तिने तो गेम कधी बघितलाच नाही, नुसता ऐकला. वीसही मजले... नाही, एकोणीस मजले तिला कानाने पाठ आहेत. गुरुवारपासून रिमोटची उजवी बाजू तिच्याकडे आहे. चष्मा लावते, पण डोळे मिटून खेळते. मी चुकले की जीभ टाळ्याला लावून च्यक् करते. काल अकराव्या मजल्यापर्यंत गेलो.

अर्धा तास ठरला होता, दीड तास होतो. अंगठा तिसऱ्या बोटापर्यंत आला आहे. बाई म्हणाल्या, जे काय करताय ते चालू ठेवा.

एक गंमत. मी आईला विचारलं की त्या दिवशी गेम नेमका कुणी बंद केला असेल. तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. आत गेले तर गॅसवर काहीच नव्हतं.

लोभ दुणावत आहे असं दिसतं, तसाच राहू द्यावा.

तुझी,
ताई

५ एप्रिल

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिते आहे म्हणजे काहीतरी झालं असेल, असं मनात आणू नकोस. सगळे बरे आहेत. ताईचा अंगठाही सुधारतो आहे.

तुमचा तो गेम मी बंद केला होता.

त्या दिवशी एका बाईंचा कोट द्यायचा होता. त्या दारात उभ्या, आणि कोटाला इस्त्री व्हायची होती. खोलीत चालणारं प्लग-पॉइंट एकच. मी तुमची पिन काढली, इस्त्री लावली, दहा मिनिटांत कोट दिला, पिन परत लावली. लाल दिवा पुन्हा लागला. आधीही लाल होता, नंतरही लाल. मला वाटलं, जसं होतं तसं झालं. वरचा टॉवेलसुद्धा नीट सारखा केला.

संध्याकाळी तुमची तोंडं बघितली तेव्हा कळलं. तू रडलास, ताई भिंतीकडे तोंड करून बसली. मी सांगणार होते. पण तुम्ही एकमेकांशी बोलत नव्हता, आणि मला वाटलं की राग निवळला की सांगू. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलात आणि गुडघ्याला गुडघा लावून पुन्हा पहिल्या मजल्यापासून बसलात. मग कशाला सांगायचं, असं वाटलं. तेव्हापासून ते राहिलं ते राहिलंच.

तुम्ही दोघं एकमेकांना मनातल्या मनात माफ करत होता, हे मला आत्ता कळलं. ती माफी माझ्या वाट्याची होती. ताईला आज सकाळी सांगितलं. ती इतकी हसली की मला थोडा रागच आला.

जेवण वेळेवर करत जा. लिफ्टच्या छतावर बसून पत्रं वाचू नयेत.

आशीर्वाद आहेतच, मागायला लागत नाहीत.

तुझी,
आई

९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, छतावर नाही, खुर्चीत बसून. ती माफी तुझ्याकडे वळती केली आहे. तीस वर्षांत ती जराही झिजलेली नाही.

वीस तारखेच्या रविवारी दोन दिवसांची रजा घेऊन येतोय. तोवर ताईची परीक्षाही झाली असेल. निकाल काहीही लागो, मी येणारच. तिला असं वाटायला नको की पास झाली तरच भाऊ येतो.

तुमचा लोभ, माझी भूक, दोन्ही नेहमीसारखीच.

तुझा,
बाळ

१७ एप्रिल

चि. बेडकास,
अ. उ. आ.

आधी निकाल, मग बाकीचं. चिठ्ठ्या चिकटवायच्या नाहीत!

दोन दिवस लागले. चौदाच्या सकाळी साचा हातात घेतला तेव्हा अंगठा करंगळीच्या मुळाशी जेमतेम टेकत होता. वरची ओळ संध्याकाळपर्यंत झाली. खालच्या ओळीला मधेच अंगठा थकला, साचा निसटायला लागला, आणि एक सुळा किंचित तिरका बसला. मला दिसला, पण दुरुस्त करायला गेले असते तर बाकीचे हलले असते. तसाच ठेवला. मालकीणबाईंनी संच खिडकीपाशी नेऊन खूप वेळ बघितला. त्यांचं बोट बरोबर त्या सुळ्यावर थांबलं. मग म्हणाल्या की सगळे सरळ असले की कवळी वाटते, हा दात खरा वाटतो. सोमवारपासून माझं टेबल मला परत.

घरी आले. आईने तोंडाकडे बघितलं आणि रिमोट पुढे केला.

काल संध्याकाळी आम्ही एकोणिसावा मजला पार केला. विसावा मी पहिल्यांदाच बघितला, बेडका. तिथे राक्षस नाही, वटवाघळं नाहीत. नुसतं एक लांब गच्चीसारखं मोकळं आहे, पलीकडे विझलेला मोठा दिवा आणि मधे एक रुंद फट. एकच उडी. मी दिवेवाल्याला काठापर्यंत नेलं. वारा दोनदा फुंकला. आईने बटण दाबलं, पण ते पॉजचं. रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ही माझी नाही.

तेव्हा रविवारी सकाळच्याच गाडीने ये. खांदा वर करून बसायचं, बाकी मी बघते. खाली आईला दोन ओळी लिहायच्या आहेत.

लोभ काठावर उभा आहे, पुढचं तुझ्याकडे.

तुझी,
ताई

चि. बाळ, गेम चालू आहे. वर टॉवेल झाकला आहे. प्लगजवळ मी कुणालाही जाऊ देत नाही. फ्यूज उडायला नको म्हणून काल संध्याकाळपासून घरात इस्त्री बंद ठेवली आहे. जावईबापू आज चुरगळलेला शर्ट घालून शाळेत गेले. मुलं हसली म्हणे. रविवारपर्यंत हसू देत.

आई