अण्णाच्या इंजिनाची चकाकी

५ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहिणार. काम सिस्टिमॅटिक व्हायचं तर नोंद हवी.

कामाची हकीकत अशी. अण्णाची मोटारसायकल काल माझ्याकडे आली. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची नजर आता पार गेली. समोर उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. महिनाअखेरीस त्याची मुलगी त्याला कायमचं तिच्या गावी नेणार आहे. काल त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एकच मागणं केलं. म्हणाला, "धाकट्या, गाडी तुझी. फक्त जायच्या दिवशी मला मागे बसवून एक चक्कर मार. तिचा आवाज कानावर पडला की मी निघायला मोकळा."

यात अवघड ते काय. गाडी चालू आहे, पहिल्या किकला उठते. मीच चालवत आणली.

पण इंजिन बघवत नाही. तेलावर धूळ बसून काळं ठिक्कर, आणि जिथे अॅल्युमिनियम दिसतंय तिथे पांढरी बुरशी. थोरल्या भावाला अशा अवतारातल्या गाडीवरून निरोप द्यायचा? आपल्याला शोभत नाही. ठरलं. इंजिनाचे वरवरचे भाग काढायचे, आरशासारखे करायचे, परत बसवायचे. दोन-तीन दिवसांचं काम.

५ फेब्रुवारी, दुपार

हिला प्लॅन सांगितला. म्हणाली, चालू आहे ना गाडी, मग कशाला तिच्या वाटेला जाता. हिला सौंदर्यदृष्टी नाही. पडदे तेवढे दरवर्षी बदलते.

६ फेब्रुवारी

खोललं. सिलिंडरचं हेड, दोन्ही बाजूंची झाकणं, कार्ब्युरेटर. फोनवर एकाचा व्हिडिओ बघत बघत केलं. तो माणूस एक अक्षर बोलत नाही, नुसते हात दिसतात. मीही तसाच मौन पाळून काम केलं. एकदाच ओरडलो, पाना निसटून अंगठ्यावर आला तेव्हा.

सगळे भाग जिने चढून वर आणले आणि गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडले. स्क्रू एका वाटीत. कुठला कुठे लागतो ते डोक्यात पक्कं आहे, लिहायची गरज नाही.

८ फेब्रुवारी

रॉकेल आणि जुना टूथब्रश. मळ बराच निघाला. ही म्हणाली, झालं की छान, आता बसवून टाका. अर्ध्यामुर्ध्यावर समाधान मानायची हिला सवय आहे. माझ्याशी संसार करून लागली, असं ती स्वतःच सांगते.

टूथब्रश जुना नव्हता, असं संध्याकाळी कळलं.

१० फेब्रुवारी

पॉलिश पेपर. धातू चमकला, पण रेघा उठल्या. त्या घालवायला आणखी बारीक पेपर आणला. आता रेघा बारीक आहेत, पण कितीतरी जास्त आहेत. दोष मालाचा. पूर्वीचं अॅल्युमिनियम भोळं असतं, लगेच लावून घेतं.

११ फेब्रुवारी

व्हिडिओवाल्याने भाग साबणाच्या पाण्यात उकळले होते. मीही उकळले. कार्ब्युरेटरच्या पोटात थोडं पेट्रोल राहिलं होतं हे गॅस पेटवल्यावर ध्यानात आलं. घरभर वास. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ही जिन्यात जाऊन बसली ती तासभर आत यायला तयार नाही. शेजारीण विचारत होती, भांडण झालं का. ही म्हणाली, भांडण परवडलं असतं.

मोठं पातेलं यापुढे स्वयंपाकात येणार नाही असं जाहीर झालं आहे. म्हणजे ते माझं झालं. हळूहळू वर्कशॉप उभं राहतंय.

१३ फेब्रुवारी

अण्णाचा फोन. गाडी कशी आहे, रोज सुरू करतोस ना, उभी ठेवलीस तर रुसते. म्हणालो, रोज सुरू करतो. खोटं बोललो नाही. काम रोज सुरू करतोच.

म्हणाला, मला ऐकव ना एकदा, फोन गाडीपाशी धर. मी म्हणालो, प्रत्यक्षच ऐक, फोनवर मजा जाईल. लगेच म्हणाला, तेही खरं. पोरासारखा ऐकतो आता माझं. पूर्वी नाही ऐकायचा.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असावं.

१४ फेब्रुवारी

हेडवर हवेने थंड व्हायला ज्या पातळ पात्या असतात, त्यांच्या मधला काळा थर काही केल्या हलत नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला फोन लावला. माणसाला अहंकार नसावा. त्याच्या मागे ग्राइंडर चालू होता. सगळी केस समजावून सांगितली, रॉकेल, पेपर, पातेलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एका शब्दात उत्तर दिलं.

"काका, सोडा."

मी विचारलं, सगळ्याच भागांना? तो म्हणाला, "सगळंच सोडा हो." पुढचं ग्राइंडरमध्ये गेलं.

याला म्हणतात अनुभव. आम्ही आपले पेपर घासत बसलो होतो.

१५ फेब्रुवारी

सोडा तीन प्रकारचा निघाला. खायचा, धुण्याचा आणि कॉस्टिक. खायच्या सोड्याने इंजिनाला काय ढेकर येणार. धुण्याचा कपड्यांसाठी. राहिला कॉस्टिक. दुकानदाराने विचारलं, "तुंबलंय का?" मी पात्यांच्या फटी डोळ्यांसमोर आणल्या आणि म्हणालो, हो, कैक वर्षं तुंबलंय. तो म्हणाला, मग हाच न्या, आत काहीच शिल्लक ठेवत नाही.

नेमका माल मिळाला.

१६ फेब्रुवारी, सकाळ ११

हातमोजे घातले. गॅलरीत बादलीभर पाणी, त्यात सोडा, त्यात सगळे भाग एकदमच. एकेक करण्यात वेळ कशाला घालवा. टाकल्याबरोबर फसफसायला लागलं. पाण्याला उकळी, तीही गॅसशिवाय. पाणी काळं होत चाललंय. याचा अर्थ मळ सुटतोय. ही दारातून बघून गेली. काही बोलली नाही. बहुतेक थक्क झाली.

१६ फेब्रुवारी, दुपार

अजून फसफसतंय. म्हणजे अजून मळ आहे. जेवून पडलो.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

डुलकी जरा लांबली. बादली एका बाजूने मऊ होऊन वाकली आहे. भाग बाहेर काढले. काळेभोर. वरचा काळा थर पुसला की आतून चकाकी येईल. उद्या.

१७ फेब्रुवारी

पुसलं. आतून आणखी काळं. त्याच्या आत खड्डे. पात्या पत्त्यांच्या पानांसारख्या झाल्या आहेत, हात लावला तर काठ तुटतो. एका झाकणातून पलीकडचं दिसतं. कार्ब्युरेटरची बारीक भोकं मोठी झाली आणि मोठी भोकं एकमेकांत मिसळली.

जमेची बाजू: वजन बरंच कमी झालं. शिवाय हेडमधले आटे गेल्यामुळे प्लग आता पान्याशिवाय, नुसत्या हाताने आत जातो. सोडला की थेट तळाला.

१८ फेब्रुवारी

भाग पिशवीत घालून मेकॅनिककडे गेलो. त्याने पिशवीत बघितलं आणि विचारलं, हे कुठल्या आगीत सापडलं. मी म्हणालो, तुमच्याच सांगण्यावरून सोडा वापरला. त्याने पिशवी माझ्या हातात परत दिली.

"काका, मी म्हटलं, सोडा. म्हणजे नाद सोडा. हात जोडून म्हटलं होतं."

हात जोडलेले फोनवर कसे दिसणार? आणि एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी आपल्या भाषेत वेगळा शब्द असू नये? चूक माझी नाही, भाषेची आहे. त्याला तसं म्हटलंही. त्याने ग्राइंडर सुरू केला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही आधी हसली. पदर तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. मग एकदम थांबली आणि विचारलं, "मग अण्णांची चक्कर?"

२१ फेब्रुवारी

हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. पार्टवाल्यांची अख्खी गल्ली पालथी घातली. एकाने फोटो मागितला. दाखवला. म्हणाला, चांगल्या अवस्थेतला दाखवा. तो फोटो काढायचा राहिला होता. भंगारवाल्याकडे एक हेड मिळालं, घेऊन आलो, भोकं जुळत नाहीत. दुसऱ्या गाडीचं निघालं. तरी बाजूला ठेवलंय, वेळेला सांगता येत नाही.

२३ फेब्रुवारी

धीर सोडायचा नाही. नळाच्या गळतीला लावतात ती लांबी आणली. दोन रंगांच्या कांड्या मळून एक करायच्या, दगडासारखी घट्ट होते. झाकणाची भोकं बुजवली, प्लग त्यातच रोवला. सगळं बसवून टाकलं. वाटीत बरेच स्क्रू उरलेत. पूर्वी कंपन्या उगाच जास्त लावायच्या.

किक मारली. पाय हवेत गेल्यासारखा खाली गेला. लांबी अजून ओली असेल.

२४ फेब्रुवारी

लांबी वाळली. किकचं तेच.

ही जिन्यात उभी होती. मला वाटलं टोमणा मारेल. तर पायरीवर माझ्या शेजारी बसली, माझी बोटं पदराने पुसली आणि म्हणाली, "अहो, अण्णांना दिसत नाही."

ते मला माहीत आहे. डॉक्टरकडे त्याला मीच नेत होतो. त्याच्या डोळ्यांत थेंब मीच घालत होतो. पण अण्णाचे डोळे आणि इंजिनाची चकाकी, या दोन गोष्टी एका वेळी माझ्या मनात आल्याच नव्हत्या.

२५ फेब्रुवारी

अण्णाला फोन करून खरं सांगायचं ठरवलं. सकाळी तो अंघोळीला गेला असेल. दुपारी झोपला असेल. संध्याकाळी लावला तर पुतणीने उचलला. म्हणाली, काका, बाबा सकाळपासून उद्याचंच बोलताहेत, शर्टसुद्धा इस्त्री करून घेतला. मी म्हणालो, ठीक आहे, सहज केला होता.

रात्रीत काहीतरी सुचेल.

२६ फेब्रुवारी

सुचलं नाही.

सकाळीच पुतणीची कार दारात आली. मागे सामान खच्चून भरलेलं. अण्णा उतरला, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. मोटारसायकल कुठे आहे ते त्याला सांगावं लागलं नाही. वासावर गेला. हॅण्डल चाचपलं, टाकीवर हात फिरवला, मी बसल्यावर टांग टाकून मागे बसला. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाला, चल.

किक मारली. पुन्हा मारली. मारत राहिलो. मी म्हणालो, गारठा आहे ना. पुतणी उभ्या जागी घाम पुसत होती.

मग अण्णा म्हणाला, "धाकट्या, किकमध्ये दम नाही. इंजिन उघडलंस का तू?"

"हो."

"कशाला?"

"चकचकीत करायला."

अण्णाने खांद्यांवरचे हात काढले नाहीत. त्याने विचारलं, "झालं का?"

मी खाली बघितलं. पुतणीनेही बघितलं. खड्डे पडलेलं, काळवंडलेलं, जागोजागी राखाडी लांबी थापलेली. पुतणीच म्हणाली, "हो बाबा. आरशासारखं."

अण्णाने माझा खांदा थोपटला. म्हणाला, मग आता बस जरा असाच. बसलो. गाडी स्टॅण्डवर, मी पुढे, तो मागे. थोड्या वेळाने माझ्या कानामागे हळूच आवाज सुरू झाला. अण्णा तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होता. पहिला गिअर, दुसरा, मग चढावर लागते तशी धाप. हुबेहूब. मी हॅण्डल घट्ट धरून समोर बघत राहिलो, वळून बघायची हिंमत झाली नाही.

मग तो उतरला आणि त्यांची कार गेली.

२८ फेब्रुवारी

अण्णाचा फोन आला. सुखरूप पोचला. म्हणाला, गाडीवर कापड टाकून ठेव, चकाकी जाईल.

टाकलं.