लावून ठेवलेलं फिडल

ता. ५ जानेवारी १९४७

…चूल सारवून झाली होती. दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा तिकडे, आणि हाताला कंदिलाच्या काचेची काजळी. हे आतल्या खोलीतून म्हणाले, हात पूस आणि ये, आई नदीवरून यायच्या आत एक ओळ होईल. दार लावून घेतलं. यांनी ओळ वाजवायची, मग तीच मी वाजवायची. असंच शिकले मी सगळं. हात नीट पुसला नव्हता. माझ्या फिडलच्या गजाच्या दांडीला काजळी लागली, ती अजून आहे.

हे आज कशाला आठवलं? बसले होते संकल्प लिहायला. संकल्प असा: पाडव्याच्या आत कुठल्यातरी ऑर्केस्ट्रात जागा मिळवायची. धाकटे दीर विष्णुभावजी म्हणाले, वहिनी, पाडव्यापर्यंत काय ते बघा, नाहीतर कोल्हारला विजयाकडे जा, तिला बाळंतपणाला माणूस हवंय. विजयावन्सं प्रेमळ आहेत. त्यांचं हे पाचवं. मी म्हटलं, भावजी, पाडव्याला मी पुण्यात असेन. ते हसले नाहीत. म्हणजे पटलं असावं.

ता. ६ जानेवारी, पहाट

रियाज. आधी माझं फिडल लावलं, मग यांचं लावून समोर पाटावर ठेवलं. हे गेल्यापासूनचा नेम आहे. वाद्य लावून ठेवलं नाही तर बिघडतं. दुसरं काही नाही.

दूधवाली रंगुबाई दारातून म्हणाली, आवो बाई, त्ये तर कुनी वाजवत न्हाई, मग रोज सकाळी त्याचा कान कशापायी पिळता? मी तिला समजावलं, लाकडाला सवय लागलेली असते. म्हणाली, व्हय, आमच्या म्हातारीलाबी लागलीया. वर हसली. दुधात पाणी होतं.

ता. १४ जानेवारी

संक्रांत. जाऊबाईंचं, म्हणजे इंदूचं, हळदीकुंकू. मी मागच्या खोलीत. कोणी सांगितलं नाही, मला कळतं. वेळ फुकट का घालवा, म्हणून दार लावून वाजवत बसले.

रात्री इंदू सांगत होती, मामलेदारीणबाईंनी विचारलं, हे मधे मधे थांबतं का हो, बिघडलंय का? इंदू म्हणाली, नाही, आमच्या वहिनी जरा सावकाश आहेत.

सावकाश नाही मी. याला ठहराव म्हणतात. मामलेदारीणबाईंना ग्रामोफोनची सवय.

ता. २ फेब्रुवारी, नाशिक

नाटक कंपनीची ट्रायल. बाई म्हणून मी एकटीच. मॅनेजरांना वाटलं, भावासाठी जागा मागायला आले. सगळ्यांबरोबर बसवून वाजवायला लावलं. मग म्हणाले, सूर गोड आहे बाई, पण तुम्ही सगळ्यांच्या मागून येता.

कारण उघड आहे. त्यांचा तबलजी घाई करतो. शिवाय मोटारीतली धूळ तारांवर बसलेली.

ता. ३ फेब्रुवारी

नवे संकल्प. घाई करणाऱ्यांबरोबर घाईने वाजवायचं. स्वरलिपी शिकायची, यांच्या पेटीत पुस्तक आहे. अक्षरं मी यांच्या नाटक कंपनीच्या जुन्या हँडबिलांवरून शिकले. हातात हात धरून कोणी गिरवून घेतलं नाही. हेही येईल.

ता. २० फेब्रुवारी

येतं. कागद समोर ठेवला की वाजतं.

सकाळी इंदूबरोबर दळायला बसले. तिने मुद्दाम जातं जोरात ओढलं. तरी खुंट्यावर माझा हात तिच्या हाताबरोबर. म्हणाली, अगबाई वहिनी, इथे नाही तुम्ही मागे राहत! मी म्हटलं, बघ.

दिवसभर बरं वाटलं. दिवेलागणीला उगाच डोळ्यांत पाणी आलं. जोंधळ्याचं पीठ गेलं असावं.

ता. २८ फेब्रुवारी, नगर

टॉकीजमधल्या वाद्यवाल्यांची ट्रायल. तेच म्हणाले. इथलाही तबलजी घाई करतो. लढाईत सगळ्यांना घाईची सवय लागली ती जात नाही.

ता. १ मार्च

काही नाही. फिडलं लावली.

ता. ९ मार्च

झालंच आता! पुण्याच्या फिल्म कंपनीला ऑर्केस्ट्रासाठी फिडलवाले हवेत, पेपरात आलंय, आणि मास्तर कोण, तर रंगनाथराव. यांच्याच नाटक कंपनीत क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्याकडे जेवले आहेत, पुन्हा आमटी मागून घेतली आहे. घरचा माणूस.

विजयावन्संना निरोप धाडला, माझं येणं होणार नाही, दुसरं कोणी बघा. इंदूला म्हटलं, पुण्यात बिऱ्हाड झालं की राहायला ये. ती म्हणाली, खोली रस्त्याकडच्या खिडकीची घ्या हो वहिनी. चेष्टा होती की मनातलं, कळलं नाही.

ट्रंक भरली. यांचं फिडल न्यावं की नाही, खूप विचार केला. बिऱ्हाड झाल्यावर नेईन. दोन दिवसांत काय बिघडतंय.

ता. १७ मार्च, पुणे

ट्रायल झाली.

रंगनाथराव उठून उभे राहिले. या वहिनी, म्हणाले, पाणी घ्या. शामराव असायला हवे होते, म्हणत यांची आठवण काढली. मग ऑर्केस्ट्रात बसवलं. कागद समोर होता. माझा एक स्वर चुकला नाही. तरी त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, वहिनी, आता एकट्या वाजवा.

एकटीने वाजवलं. तबलजी नव्हता.

ते खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, तुम्ही एक ओळ वाजवता आणि एका ओळीपुरतं थांबता. मी म्हटलं, ठहराव आहे तो. म्हणाले, नाही वहिनी. तेवढ्यात शामराव वाजवतायत. ते ऐकून झालं की तुम्ही सुरू करता. सगळ्यांत बसवलं तरी तेच, आधी ऐकता आणि मग येता.

मी समोरचा कागद सरळ केला.

मग म्हणाले, एकदा तुम्ही आधी सुरू करा, आम्ही मागून येतो. सगळ्यांनी गज उचलले. मी तारेवर गज ठेवला. ओळ मला पाठ होती. वर पंखा फिरत होता. कोणीतरी खोकलं. मला वाटत होतं, आता होईल सुरू. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी वाट बघत होते.

रंगनाथरावांनी किती वेळ जाऊ दिला ठाऊक नाही. मग हळू म्हणाले, राहू द्या वहिनी. जेवून जा.

जेवले. आमटी चांगली होती.

ता. १८ मार्च

संध्याकाळी परत पोचले. भावजींनी काही विचारलं नाही. इंदूने पान वाढलं आणि म्हणाली, खिडकी होती का हो? मी म्हटलं, होती.

तबलजीबद्दल आज काही लिहायचं नाही.

ता. १९ मार्च, कोल्हार

पहाटे माझं फिडल लावलं. यांच्या फिडलच्या खुंट्या एकेक करून सैल केल्या, तारांखालची घोडी उतरवून फडक्यात बांधली आणि पेटी इंदूकडे दिली. रंगुबाईचं दूध घेतलं. दुपारच्या मोटारीने इथे विजयावन्संकडे आले. माझं फिडल मांडीवर होतं.