कुठेतरी पाणी मुरतंय

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. ठीक कसलं, आज माझे पाय जमिनीवर नाहीत. माझं पाणी पास झालं!

आमच्या स्टुडिओकडे आलेल्या एका चित्रपटात गच्चीवरची टाकी फुटते आणि पाणी एकोणीस पायऱ्या उतरून दाराबाहेर जातं. ते मला कॉम्प्युटरवर वाहवायचं होतं. एका पद्धतीत सगळ्या जिन्याचे बारीक चौकोनी कप्पे पाडतात आणि कुठल्या कप्प्यातून किती पाणी गेलं ते बघतात. दिसतं झकास. पण शेवटच्या पायरीवर मी मोजलं, तर पाचवा हिस्सा गायब! कप्प्याहून बारीक शिंतोडे गणितातून निसटत होते. साहेब म्हणाले, मोजतंय कोण? मी म्हटलं, मी. तुम्ही मला उगाच 'मीटर' म्हणत नव्हता. दुसऱ्या पद्धतीत पाण्याचे लाखो कण करून एकेकाच्या मागे जायचं. थेंबही हरवत नाही, पण जिन्यावर सायकलचे छर्रे सांडल्यासारखे दिसतात.

साहेब पहिल्या पद्धतीला हो म्हणणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं की पाणी नाहीसं होत नसतं, कुठेतरी मुरतं. सगळे हसले. प्लंबरची मुलगी शोभते, म्हणाले. मीही हसले. लहानपणी तुमचा पाना धरून हिंडताना हे शंभरदा ऐकलं होतं. कोरड्या दिसणाऱ्या भिंतीला तळहात टेकवून तुम्ही ओल शोधायचात. साहेबांनी तीन दिवस दिले. मी दोन्ही पद्धती जोडल्या: पाणी कणांनी वाहायचं, दाब कप्प्यांनी सांभाळायचा. आज पाणी पायपुसण्याला वळसा घालून दाराखालून गेलं, आणि मोजलं तर पुरतं भरलं! टाळ्या पडल्या. मी नुसती मान हलवली, आणि मग ऑफिसच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही याला खोट्या पाण्याचा धंदा म्हणालात. मी उलट म्हणाले, तुमच्या हातांना गटाराचा वास येतो. तेव्हापासून फोनवर आपण फक्त आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. भिंत वरून कोरडी आहे बाबा, पण पाणी मुरतंय. ते वाक्य चुकीचं होतं. माझं. शुक्रवारी चार वाजता स्टुडिओत घरच्यांना जिना दाखवणार आहेत. या. आणि पाणी कुठे चुकलेलं दिसलं, तर सगळ्यांसमोर सांगा.

तुमचीच,
मीटर