नवरीची खुर्ची

३ मार्च, मंगळवार

काल पुन्हा. नको म्हटलं, अंग ठणकतंय म्हटलं. "लग्नात एकदा हो म्हणालीस, त्यात सगळं आलं," हे म्हणाले. आणि लगेच घोरायलाही लागले! मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. देवा, हे पाप कुणाचं — माझं की यांचं?

५ मार्च, गुरुवार

चर्चमध्ये गायकांच्या झग्यांना इस्त्री करत होते. शेजारच्या खोलीत हे एका नवरीला प्रश्न विचारत होते. हे कमिटीवर ना, ते काम यांच्याकडे. लग्नाआधी मुलीला एकटीला बोलावतात, खुर्चीत बसवतात, सोबतीला पाद्रींच्या पत्नी, पाळकबाई. "बाळ, कुणाची जबरदस्ती नाही ना? मनात नसेल तर सांग, कुणी रागावणार नाही." काय तो मऊ आवाज! घरी कधी ऐकल्याचं आठवत नाही. एका झग्याची बाही करपली.

७ मार्च, शनिवार

पाळकबाईंना सांगितलं. सगळं नाही — जीभच उचलेना. म्हणाल्या, "प्रार्थना कर. नवरा आहे तो, परका का आहे?"

परका असता तर ओरडले तरी असते!

८ मार्च, रविवार

मी बायबल काढून बसले. बायकोचं शरीर नवऱ्याच्या हवाली, हे यांचं पाठ. बरं. पण लगेच पुढे नवऱ्याचंही बायकोच्या हवाली आहे की! दोघांच्या संमतीचंही आहे. तिथे आलं की यांचा चष्मा हरवतो वाटतं.

आणि येशूची आई मरिया? देवाला तिची कूस हवी होती, तरी आधी दूत पाठवला. तिने हो म्हटल्यावरच दूत गेला. साक्षात देव थांबला, मग हे कोण लागून गेले?

जेवताना बोलून दाखवलं. ताट सरकवून म्हणाले, "फार शहाणी झालीस." नंतर व्हायचं तेच झालं.

१० मार्च, मंगळवार

देवा, ऐकतोयस ना? नसशील तर तसं तरी सांग. माझ्याने आता होत नाही रे.

१२ मार्च, गुरुवार

आजच्या नवरीला यायला उशीर होता; हे आणि पाळकबाई खोलीत वाट बघत होते. खोलीचं दार उघडंच. इस्त्री बंद केली आणि जाऊन त्या खुर्चीत बसले. म्हटलं, "मलाही विचारा."

हे हसले. "अगं, काय ही थट्टा—" मी उठले नाही. हे चष्मा पुसायला लागले.

मग पाळकबाईंनीच विचारलं. "बाळ, कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"आहे," मी म्हटलं.