सायलेन्सरवरचा मोर

बाबा, तुमच्या गाडीचा सायलेन्सर मी गेल्या रविवारी काढला. गॅरेजमध्ये दिली नाही. खाली, बिल्डिंगच्या आवारात, मीच. बरेच दिवस गाडी ट्रॅक्टरसारखी फडफडत होती, आत धुराचा वास यायचा, आणि या गाडीतून आपण देवळातसुद्धा येणार नाही असं आईनं जाहीर करून टाकलं होतं. विकून टाक, असं सगळेच सांगतात. मी हो हो म्हणते आणि गाडीच्या खाली जाते. या वेळी ठिगळ नको, बदलूनच टाकू म्हणून गंज न धरणारा स्टीलचा नवा आणला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीतून म्हणाल्या, "बँकेतली साहेबीण आणि गाडीखाली झोपतेस काय गं?" मी म्हटलं, "खाली गार लागतं, काकू. या तुम्हीपण."

नटांवर आदल्या संध्याकाळीच तेल सोडून ठेवलं होतं. हे तुमचं. मी कॉलेजात असताना एकदा तुमच्या हातातून पाना ओढून घेतला आणि गंजलेल्या नटावर सगळा जोर लावून बोल्टच तोडला. तुम्ही ओरडला नाहीत. गिरणी बंद पडली, भांडुपच्या कारखान्यात फिटर म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत, पण तुमचा आवाज कधी चढला नाही. तुटलेला बोल्ट तळहातावर घेऊन एवढंच म्हणालात, "घाई कित्याक? तेका तेल पिवंदे. मगे आपसूक फिरतलो." घरातल्या भांडणांवरही तुमचं औषध तेच होतं. थांबायचं. आपोआप सुटेल.

तर मी जॅक लावते, जॅकवर भरवसा नको म्हणून तुमच्यासारखीच स्टेपनी खाली सरकवते, आणि आडवी होते. नट खरंच आपसूक फिरतात. सायलेन्सर हातात येतो आणि बघते तर त्यावर ठिगळावर ठिगळ. पेस्टचा थर, पत्रा, क्लॅम्प, पुन्हा पेस्ट. मागच्या वेळी गॅरेजवाल्यानं लावलेलं वर, त्याच्या आत तुमचं. ते सोलत सोलत सगळ्यात आतल्या पत्र्यापर्यंत आले. जळून काळा पडलेला, पण क्लॅम्पच्या पट्टीखाली झाकलेला तेवढा निळा रंग उरला होता. पट्टीच्या बाजूला हाताला काहीतरी खडबडीत लागलं. फडक्यानं पुसलं. उठावाचा मोर होता, बाबा. आजीच्या डब्यावरचा.

मला हसू आलं आणि मग तिथेच, गाडीला टेकून, खूप राग आला. तो डबा मामाआजोबांनी आखातातून आणलेला. आजी त्यात आमसुलं ठेवायची. आजीनंतर तो आईकडे आला आणि आत्याचाही त्यावर डोळा होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एका गणपतीत आत्या आपल्याकडे राहायला आली. ती बोरिवलीला परत गेली आणि माळ्यावरचा डबा दिसेना. आई म्हणाली, वन्संनी नेला. नुसती म्हणाली नाही, सगळ्या नातेवाइकांत म्हणाली. तेव्हापासून आत्या आली तर हळदीकुंकवापुरती, उंबऱ्याशी उभी. आपल्याकडचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. तुमच्या तेराव्यालाही ती न जेवता गेली, तेव्हा आई माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, मन खातंय तिचं."

आणि डबा एवढी वर्षं आपल्याच गाडीच्या पोटाखाली, आईला बाजारात नेत-आणत होता. आत्या गेली त्याच आठवड्यात, गावी निघायच्या सकाळी सायलेन्सर फाटला होता, ते मला आठवतं. तुम्ही माळ्यावर चढलात, हाताला लागला तो रिकामा डबा कापलात आणि वेळ मारून नेलीत. आजीचा डबा म्हणून तुमच्या लक्षातही आलं नसेल. पण नंतर? आई तुमच्या बहिणीला चोर म्हणत होती आणि तुम्ही समोर बसून भात कालवत होतात. गाडीचा सायलेन्सर फाटका होता, घरातला मात्र शाबूत.

आईला दाखवावं, तर तुमच्या फोटोला रोज फूल वाहते ती. दाखवू नये, तर आत्या मरेपर्यंत चोर. शेवटी नवा सायलेन्सर बसवला, पत्रा फडक्यात गुंडाळला आणि आधी बोरिवलीला गेले. जोडरस्त्यानं जाताना गाडीचा आवाजच येत नव्हता, मला चुकल्यासारखं होत होतं.

आत्यानं पत्रा मांडीवर घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "माका ठावक होता."

"कसं?" मी विचारलं.

"माझा नाव घेतला, त्याच राती तुझ्या बापाशीन फोन केल्यान माका. म्हणालो, गप ऱ्हव, तिचो राग उतरांदे, मगे मी सांगतंय."

"आणि तू गप्प राहिलीस? सगळे तुला काय काय बोलत होते."

"भाव माझो," ती म्हणाली. तेवढंच.

"मग आमच्याकडचं पाणी का घेत नव्हतीस? आम्हाला वाटायचं तू रागावलीयस."

"पाणी घेतलंय तर बसाचा लागता, बसलंय तर बोलणा होता. माझ्या तोंडात तीळ भिजत नाय, तुका म्हायत आसा."

तिला गाडीत घालून मी मुलुंडला, घरी आणलं. आईनं चष्मा न लावताच, बोटानं चाचपून मोर ओळखला. मी म्हटलं, बाबांनी कापला होता, गाडीसाठी. ती उठून तुमच्या फोटोपुढे गेली. "एवढं सांगायला काय जीभ झडली होती?" तुम्ही नेहमीप्रमाणे गप्प. मग ती वळली. "वन्सं, मी तुम्हाला काय नाही ते बोलले." आत्या म्हणाली, "जावंदे वयनी, डबो तरी खंय येवढो चांगलो होतो." "चांगलाच होता," आई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. आत्यानं भांडं रिकामं केलं आणि पुन्हा पुढे केलं. मला रडू आवरेना, मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीत गेले.

आता दोघी दुपारच्या फोनवर बोलतात, फुलाचा नेमही चालू आहे. आत्याला पहिल्यापासून माहीत होतं, हे मात्र मी आईला सांगितलेलं नाही. डब्यापेक्षा तेच तिला जास्त लागेल. बहिणीला सांगितलं, बायकोला नाही. थोडे दिवस जाऊ देत, आता कुठे जुळतंय, जरा मुरलं की मी सांगेन.

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. तुमच्यावर रागवायला म्हणून बसले होते मी. आईच्या हाती लागू नये म्हणून हा कागद आता गाडीत, पान्यांच्या खाली ठेवते आहे.