बुडणाऱ्या पेत्राचं तोंड

प्रिय थ्योगर,

आणि तू हो म्हणालास! चर्चच्या मंडळाने नुसतं खाकरलं, तर तू लगेच मान खाली घालून कळवलंस की तू केलेल्या रंगीत काचेच्या खिडकीतल्या पेत्राचं तोंड काढून दुसरं बसवायला माझी काही हरकत नाही. हरकत नाही! तोंड म्हणजे काय पातेल्यावरचं झाकण आहे, चेपलं की बदललं? विलाड्स वाण्याने तुझी ती चिठ्ठी रविवारच्या कॉफीला सगळ्यांसमोर उभं राहून वाचली. वाचताना त्याच्या मिशीला केकवरची साय लागली होती आणि ती पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती, इतका खूश होता. मला अशी शिसारी आली की हातातला कप तसाच ठेवून घरी आले. विलाड्सची नाही रे, तो पहिल्यापासून तसलाच आहे. तुझी आली.

तुला त्यांनी गोड गोड शब्दांत लिहिलं असेल. इथे काय बोलले ते मी सांगते. म्हणे, लाटांत बुडताना येशूकडे हात पसरणारा तो पेत्र म्हणजे तूच आहेस. रंगाऱ्याने स्वतःचंच तोंड देवाच्या घरात लावून घेतलं! "आम्ही इथे देवासाठी येतो, थ्योगरचं थोबाड बघायला नाही," इति विलाड्स. आता हा विलाड्स पुरुषांच्या बाकांवर खिडकीला पाठ लावून बसतो, मान मोडल्याशिवाय त्याला ती दिसायचीसुद्धा नाही. पण ओरडा त्याचाच मोठा. त्यात ती सिडसेल, तोंडात केकचा बोकाणा, म्हणते, "बुडतोय ना, मग बुडू द्या की! एवढी वर्षं कोपनहेगनला राहून पोहायला नाही वाटतं शिकला?" बायका फिदीफिदी हसल्या. पाद्रीबाबा आपले, "बहिणींनो, अजून कॉफी घ्या ना," करत किटली घेऊन फिरत होते. असला लिबलिबीत माणूस मी दुसरा पाहिला नाही. नाही म्हणायला पाहिला, तुझी चिठ्ठी ऐकल्यावर. आपल्या गावात माणूस दारू पिऊन गटारात पडला तरी वर्षा-दोन वर्षांत विसरतात. पण तो स्वतःला कुणीतरी समजायला लागला, तर त्याला माफी नाही. हे तुला मी सांगायला हवं का? तू इथलाच आहेस.

तू आधीपासूनच असा. मामंजींनी तुला होडीत घातलं की तू किनारा दिसेनासा व्हायच्या आत ओकायला लागायचास. शेवटी तुझा भाऊ, माझा लाउस्टच म्हणाला, "बाबा, ह्याला घरी ठेवा, ह्याच्या वाटणीचं जाळं मी ओढतो." तो ओढत राहिला, आणि तू माशांच्या खोक्यांवर कोळशाने चित्रं काढत राहिलास. मग दारं-खिडक्या रंगवायला तालुक्याच्या गावी गेलास, तिथून कोपनहेगनला. तुझी ती वाळूच्या टेकड्यांची चित्रं, मासे साफ करणाऱ्या बायकांची चित्रं तिकडे मोठमोठ्या दालनांत लागली म्हणतात. इथे कुणी फुकटसुद्धा घेतलं नाही. वाळू बघायला चित्र कशाला, दार उघडलं की घरात येते. मी पण हसले होते, खोटं कशाला सांगू.

पण काचेच्या कामाला मी हसले नाही. तू ह्या खिडकीसाठी त्या उन्हाळ्यात आलास, आणि निळ्या-हिरव्या काचांचे तुकडे समुद्रासमोर धरून बघत बसायचास. जुळला नाही की फेकला. पोरं म्हणायची, थ्योगर समुद्राला कपडे शिवतोय, माप घेतोय. तू जेवायला माझ्याकडे असायचास. तळलेला मासा आणि बटाटे खाता खाता एकदा सांगितलंस की रंग काचेतच असतो, पण नाक-डोळे मात्र तपकिरी भुकटीने वर काढावे लागतात आणि मग काच भट्टीत जाते. एकदा भाजली की ते तोंड पुसता येत नाही, चुकलं तर काच फोडायची. एवढं बोललास. तोंड कुणाचं काढणार, हे मात्र बोलला नाहीस. मी विचारलंही नाही. पेत्राचंच असणार, दुसरं कुणाचं?

मग पेंढ्यात बांधून ती खिडकी आली, बसवली, आणि पहिल्या रविवारी मी बाकावर बसून वर पाहिलं तर लाउस्ट! माझा नवरा, गळ्यापर्यंत पाण्यात, तोंड उघडं. मला न विचारता. तुला सांगते थ्योगर, तू तेव्हा समोर असतास तर मी तुला सगळ्यांसमोर बडवलं असतं. अकरा वर्षांपूर्वी समोर पाण्यातल्या वाळूच्या बांधावर त्याची होडी उलटली तेव्हा तू तिकडे कोपनहेगनला होतास, मी इथे किनाऱ्यावर उभी होते. बाकीचे तिघे समुद्राने आठवड्याभरात परत दिले. त्याला दिलं नाही. आणि तू त्याला पुन्हा पाण्यात घालून माझ्यासमोर टांगलंस, वर मी स्तोत्र म्हणायचं! म्हणूनच त्या वर्षीच्या तुझ्या नाताळच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. कळलं नसेल तर आता कळू दे.

त्यानंतरचं मी कुणाला सांगितलेलं नाही. हळूहळू मी चर्चला लवकर जायला लागले. खांब आड येत नाही अशा जागेसाठी. प्रवचन चालू असायचं आणि मी त्याला घरातलं सांगत असायचे. छप्पर शाकारलं, इंगेरचं लग्न ठरलं, जावई बरा आहे, पण खातो फार. तो काही बोलत नाही, मी वेडी नाही. पण तुझ्या खिडकीत येशूचा हात नुसता पुढे आलेला नाही, बोटं त्याच्या मनगटाला लागलेली आहेत. आमच्यापैकी कुणाचा हात त्या दिवशी तिथवर पोचला नव्हता. मी तेवढंच बघत बसायचे.

म्हणून परवा कॉफीच्या वेळी सिडसेल म्हणाली, "हुबेहूब थ्योगर!", तेव्हा मी उठले होते. अरे आंधळ्यांनो, हा माझा लाउस्ट आहे, असं ओरडणार होते. पण तेवढ्यात मलाच शंका आली, खरंच तुझं असलं तर? दुसऱ्या दिवशी चर्चची किल्ली मागून घेतली, बाकावर चढून उभी राहिले, अगदी जवळून पाहिलं. ती डावी पापणी जराशी पडलेली आहे. लाउस्टची पडलेली होती, की तुझी? तुम्हा दोघांची हनुवटी एक, कपाळ एक. मामंजी कट्टर मिशनपंथाचे, फोटो म्हणजे गर्व असं त्यांचं, त्यामुळे घरात त्याचा एकही फोटो नाही. थडगंही नाही. त्या माणसाशी मी नऊ वर्षं संसार केला आणि मला त्याची पापणी आठवत नाही. माझीच मला किळस येते. तू आरशात बघून ते तोंड काढलं असशील तर मी तीन वर्षं माझ्या दिराला छपराच्या गोष्टी सांगत बसले. तसं असेल तर तसं लिही, सोमवारी काच काढणारा येतोय, त्याची शिडी मी स्वतः धरीन. आणि तो लाउस्ट असेल, तर शनिवारच्या बैठकीला ये, उभा राहा आणि त्या साय लागलेल्या तोंडांसमोर तुझ्या भावाचं नाव घे. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस. कोणाचं तोंड आहे ते, शुक्रवारच्या टपालाने मला कळलं पाहिजे.

तुझीच वहिनी,
आबेलोने