पुसायचा राहिलेला ए

प्रिय मास्तरीणबाई,

फोन उचलायचाच नाही असं ठरवलं असशील, तर निदान तो बंद तरी करून ठेव. इकडे तो वाजत राहतो आणि मी मूर्खासारखी कानाला लावून उभी. परवा तुझ्याऐवजी तुझ्या वहिनींनी उचलला आणि म्हणाल्या, "झोपल्यात हो त्या." भरदुपारी! तू आणि दुपारची झोप! एका खोलीत आपण इतकी वर्षं काढली. दुपारी कुणी आडवं झालेलं दिसलं तरी तुझ्या कपाळाला आठी पडायची. थाप मारायचीच तर पटेल अशी तरी मारायला शिकव त्यांना. असो. शेवटी कागद-पेन घेऊन बसले. अक्षराला नावं ठेवू नकोस. दिवसभर बटणं बडवायची सवय, पेन धरलं की हाताला सुचत नाही.

तू डोंगरावरच्या रक्तसाठा केंद्रातून गेलीस आणि तिथल्या संगणकाच्या पडद्याचं झेंगट माझ्या गळ्यात पडलं. जुने जड, हिरव्या अक्षरांचे पडदे काढून तुम्हाला लॅपटॉप दिले तेव्हापासूनच ती रड सुरू होती, पण तू असताना निभावून न्यायचीस. आता तुझ्या जागी आलेली मुलगी दर तासाला फोन करते. "मॅडम, चौकटीच्या रेघांच्या जागी नुसती क्यू, एक्स अशी अक्षरं येतायत." "मॅडम, पेशंटच्या नावांची सगळी प्रश्नचिन्हं झालीत." "मॅडम, यादी यादीवरच चढलीय." इथून, मुख्य रक्तपेढीच्या तळघरातून, मी त्याच मोठ्या यंत्रातली तीच यादी उघडते तर माझ्याकडे सगळं आरशासारखं लख्ख! डॉक्टरकडे गेलं की दाढ दुखायची थांबते ना, तसं.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नाही. लॅपटॉप पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा तो टायवाला पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावून बसलाय, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, मॅडम." याला पोट दुखलं तरी तो फॉन्टच बदलेल. साहेब म्हणतात, बंद करून चालू करा. घरी येऊन नवऱ्यापाशी कपाळ बडवलं, तर पेपरातून डोकंही वर न काढता तो म्हणाला, "बंद करून चालू करून बघितलंस का?" त्या दिवशी मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. अजून चालू केलेलं नाही.

तू हसत असशील. म्हणत असशील, ही नाव सार्थ करतेय. "कटकट" हे नाव तूच ठेवलंस मला. दुसरं कोण ठेवणार? आणि तुला मास्तरीण केलं ते आपल्या घरमालकिणीने. नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. प्रयोगशाळेची परीक्षा जवळ आली म्हणून तू बाटल्यांवरची लेबलं मोठ्याने वाचायचीस, एकदा वरून खाली आणि मग पुन्हा खालून वर. भिंतीपलीकडे बाईंना वाटायचं, तू शिकवण्या घेतेस. एके दिवशी भाचीला घेऊन दारात हजर. "हिला पण बसवा तुमच्या वर्गात." ती सवय तुझी पुढे कधी सुटली नाही. पिशवी शीतपेटीतून काढताना एकदा, गाडीत ठेवताना एकदा. गाडीवाले मामा वैतागायचे, "बाई, अहो मघाशीच वाचलंत." आणि तू म्हणायचीस, "मघाशी वाचलं ते मघाशी."

म्हणून तर मला त्या दिवसाचं काही केल्या पटेना. काय घडलं ते मी मामांकडून आणि रुग्णालयाच्या तपासनीसाकडून जोडून जोडून समजून घेतलं, कारण तू स्वतः काही सांगायला तयार नव्हतीस. बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. रुग्णालयाने घाईची मागणी नोंदवली, ती तुझ्या पडद्यावर आली. तू गट वाचलास, एबी. सवयीप्रमाणे दोनदा वाचलास. शीतपेटीतून एबीच्या पिशव्या काढल्यास, मामांनी गाडी पळवली. तिकडे तपासनीसाने बाईच्या रक्ताशी ते रक्त जुळवून पाहिलं, तर जुळेना. बाई निघाली बी. त्याने पिशव्या बाजूला ठेवल्या, मामा पुन्हा डोंगर चढून आले, तू बीच्या पिशव्या दिल्यास. मधल्या वेळात त्या बाईच्या उशाशी कसे गेले असतील क्षण, ते तिच्या आईलाच ठाऊक. पण ती वाचली, हे तुला पहिल्यांदा सांगायला हवं होतं. माझंही लिहिणं तुमच्या पडद्यासारखंच, वरचं खाली झालं. बाळाला घेऊन घरी गेली ती. जाताना त्या तपासनीसाला म्हणाली, "बाळाचा गट पण लिहून द्या. एकदा नाही, दोनदा बघून द्या."

मग चौकशी. साहेबांनी यंत्राची नोंद छापून काढली. तिच्यात स्वच्छ बी. कागद तुझ्यापुढे सरकवला. तू पाहिलास, मान खाली घातलीस आणि त्यांनी जे लिहिलं त्याखाली सही केलीस. "मानवी चूक. दृष्टी कमी झाल्याची शक्यता." वर राजीनामाही देऊन आलीस! मला हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात असा जाळ झाला म्हणून सांगू! बाजारात भाजी घेताना दांडी मारली म्हणून तराजूवाल्याशी भांडणारी तू, आणि इथे एक शब्द नाही? "मी एबीच पाहिलं" एवढं म्हणायला काय झालं होतं? मामा म्हणाले, "बाईंनाच खात्री नव्हती उरली." ते ऐकलं आणि तुझ्यावरचा राग मग साहेबांकडे वळवला. तिथे तो शोभतोही.

साहेबांना म्हटलं, यंत्राच्या पोटात काय आहे आणि पडद्यावर काय दिसतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते म्हणाले, "तुम्ही मैत्रिणीची बाजू घेताय." म्हटलं, घेतेच आहे. रजा टाकली आणि बस पकडून तुझ्या केंद्रावर गेले. खिडकीतून सगळ्या घाटाची धूळ माझ्या तोंडावर आली, शेजारच्या बाईचं लेकरू माझ्या पदरावर ओकलं. तुझ्यासाठी काय काय सोसते, बघ.

तुझ्या खुर्चीत बसले. ती उशी अजून तिथेच आहे, शीतपेटीची घरघरही तीच. नवी मुलगी बिचारी चांगली आहे, पण भेदरलेली. म्हणाली, "मी पडदा बिघडला की बंद करून चालू करते." मी दात आवळले. मग सकाळभर ती यादी वर-खाली करत बसले, आणि एकेक करून उलगडत गेलं. तुला समजेल असं सांगते. प्रत्येक पडद्याला एक नाव असतं. जोडणी झाली की तो मोठ्या यंत्राला आपलं नाव सांगतो, आणि यंत्र त्याला कळतील अशाच खुणा पाठवतं. इथे रेघ ओढ, इथलं जुनं पूस, इथे नवं लिही. आता तुमची डोंगराकडची लाइन सारखी तुटते. म्हणून टायवाल्याने मध्ये एक प्रोग्राम बसवला होता, लाइन तुटली तरी काम धरून ठेवणारा. चांगलंच केलं. पण त्या मधल्या दुभाष्याने पडद्याचं नाव सांगितलं भलतंच! यंत्र आपलं त्या नावाप्रमाणे खुणा पाठवतंय आणि पडद्याला त्यातल्या निम्म्या कळत नाहीत. रेघ ओढ म्हटलं की हा क्यू लिहितो. आणि पूस म्हटलं की काहीच करत नाही. जुनं तसंच ठेवून त्यावर नवं लिहितो. माझ्या टेबलावर तो दुभाष्या नाही, म्हणून माझ्याकडे सगळं लख्ख.

बाकी वेळी या गोंधळाने तुम्हाला फसवलं नाही, कारण तो गोंधळ दिसायचा. ए आणि ओ शेजारी आले तर कुणीही म्हणेल, हे काहीतरी भलतंच. आणि चित्र पुन्हा काढायचं बटण दाबेल. पण यादीत त्या ओळीवर आधी एखादा एबीचा रुग्ण असला आणि यादी सरकून त्या जागी बीची बाई आली, तर? रकान्यात गट उजव्या कडेला टेकून लिहिला जातो, म्हणून एकटा बीसुद्धा एबीतल्या बीच्याच जागी येतो. जुना ए पुसला गेला नाही. नवा बी जुन्या बीवर बसला. आणि समोर काय? एबी. अगदी खराखुरा, शंका यायला जागाच नाही असा. नाव पाहून खात्री करावी, तर नावाची प्रश्नचिन्हं. मी तो ए तिथे बसलेला पाहिला आणि तुझ्या उशीवर मूठ आपटली. नवी मुलगी दचकून उठलीच.

साहेब फोनवर ऐकेनात, तेव्हा मामांच्या गाडीत घालून तो लॅपटॉपच मुख्यालयात आणला. बैठकीच्या खोलीत लावला, मधल्या दुभाष्यासकट. खोट्या रुग्णांची यादी भरली, जरा वर-खाली केली आणि म्हटलं, "साहेब, या ओळीतल्या बाईचा गट वाचता?" त्यांनी चष्मा लावला, वाकले. "एबी." म्हटलं, नक्की? "अहो, एबी! मला वाचता येतं." मी बटण दाबलं. पडदा स्वतःला पुन्हा काढत आला, आणि ए गेला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाकले. टायवाला म्हणायला लागला, "सर, हे फॉन्टमुळे..." साहेब म्हणाले, "तुम्ही गप्प बसा." या माणसाविषयी मला आयुष्यात पहिल्यांदा प्रेम वाटलं.

दुरुस्ती काय होती, सांगू? एक ओळ! दुभाष्याला पडद्याचं खरं नाव सांगायला लावणारी एक ओळ. तेवढ्यासाठी एक बाई मरता मरता वाचली आणि तू नोकरी सोडून भावाच्या घरी जाऊन बसलीस. शिवाय आता नियम झालाय, गट नुसता पडद्यावरून घ्यायचा नाही, रुग्णालयाकडून फोनवर वदवून घ्यायचा. तुझ्या नावावरच्या शेऱ्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने काट मारली आणि खाली खरं कारण लिहिलं. राजीनामा त्यांनी पुढे पाठवलेलाच नव्हता. माफी मागायला ते काही तयार नाहीत. "त्यांना वाटेल तेव्हा येऊ द्या" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, एवढ्यावर भागणार नाही, ती येईल तेव्हा तिच्या तोंडावर बोला. हूं म्हणाले. ये किंवा नको येऊस; त्यासाठी मी हे लिहीत नाहीये.

परवा दुपारच्या झोपेची थाप मारून झाल्यावर वहिनी फोन ठेवेनात. मग हळूच रडायला लागल्या. म्हणाल्या, ताई हल्ली आपल्या वडिलांच्या, अप्पांच्या गोळ्याही स्वतः देत नाहीत. पाकीट माझ्यापुढे धरतात, म्हणतात तूच वाच. रस्ता ओलांडायला घाबरतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तरी म्हणतात, डॉक्टरांना कळत नाही. आलेलं पत्रसुद्धा मलाच वाचून दाखवायला लावतात. हे ऐकलं आणि टाइप करून, छापून पाठवायचं रद्द केलं. माझं हे गिचमिड अक्षर मलाही धड लागत नाही, आणि वहिनींना मी बजावून ठेवलंय, माझं पाकीट आलं की तुझ्या हातात द्यायचं आणि खोलीतून निघून जायचं, काही झालं तरी वाचून दाखवायचं नाही. म्हणजे इथपर्यंत तूच वाचत आलीस, बये. एकटीने, या असल्या अक्षरातून. तू त्या दिवशीही नीटच वाचलं होतंस. जे समोर होतं तेच वाचलंस. आता ऊठ आणि अप्पांच्या गोळ्यांची वेळ झाली असेल तर तू दे.

तुझीच,
कटकट